इम्यून आजाराचा कुत्रा घरी आल्यावर: औषधं, ताप आणि संसर्ग

दवाखान्यातून घरी आलात. हातात औषधांची पिशवी आहे, फाइलवर 'इम्यून मेडिएटेड' असं काहीतरी लिहिलंय आणि कुत्रा दमून कोपऱ्यात पडलाय. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, पण त्यातलं निम्मं आता आठवत नाही. आमच्या जाईला हा आजार झाला तेव्हा माझीही तीच गत होती. तिची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटून लाल रक्तपेशी फोडत होती. पुढे दहा महिने तिची औषधं चालली. त्या काळात जे शिकले ते तुमच्या पहिल्या रात्रीसाठी आणि नंतरच्या काही महिन्यांसाठी लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. या कुत्र्याला ताप आला, खाणं सुटलं, तो मलूल झाला, तर कारणं दोन असू शकतात: जुना आजार उलटला असेल, किंवा औषधांनी दबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेऊन संसर्ग शिरला असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपचार मात्र एकमेकांच्या उलट. आजार उलटला असेल तर बहुधा औषध वाढवावं लागतं, आणि संसर्ग असताना तेच वाढवलं तर तो पसरतो. घरी बसून यातलं काय आहे ते ओळखता येत नाही. लवकर लक्षात येणं, ते लिहून ठेवणं आणि डॉक्टरांना कळवणं एवढं मात्र घरी होऊ शकतं. डोस मनाने वाढवायचा नाही आणि मनाने थांबवायचाही नाही.

पहिली पायरी: नक्की काय झालंय ते कागदावर लिहून घ्या

इम्यून आजार हा एकच आजार नाही. लाल पेशी फुटतात त्याला आयएमएचए म्हणतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, नष्ट होतात तो आयटीपी. एकाच वेळी अनेक सांधे सुजतात तो पॉलिआर्थ्रायटिस. कातडीवर, विशेषतः नाकावर, कानांवर आणि पंजांच्या गाद्यांवर खपल्या धरतात तो पेम्फिगस. ल्यूपस यातल्या अनेक रूपांत दिसतो. आपल्या कुत्र्याला यातलं काय आहे हे माहीत असेल तर आजार उलटल्याची खूण कुठे शोधायची ते कळतं. आयएमएचएमध्ये ती हिरड्यांवर दिसते, आयटीपीमध्ये पोटाच्या कातडीवर, पॉलिआर्थ्रायटिसमध्ये चालण्यात.

डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारा: गोचिडांमुळे होणारे आजार तपासले का? एर्लिचिया आणि बबेसिया हे गोचिडांतून येणारे जंतू हुबेहूब इम्यून आजाराचं सोंग घेतात, आणि कधीकधी खरा इम्यून आजार पेटवतातही. तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. सहा महिन्यांनी प्लेटलेट पुन्हा कमी झाल्या तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.

दुसरी पायरी: औषधांचा तक्ता, गोळ्यांत नाही, मिलिग्रॅममध्ये

फ्रिजवर एक मोठा कागद लावा. औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ, जेवणासोबत की उपाशीपोटी, आणि शेवटी देणाऱ्याची सही. सही हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी मी सकाळचा डोस दिला आणि अर्ध्या तासाने नवऱ्याने तोच डोस पुन्हा दिला. दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने दिला नसणार. त्या दिवसापासून डबीला हात लावायच्या आधी कागदाकडे बघायचं आणि गोळी पोटात गेली की सही करायची, हा घरचा नियम झाला.

मिलिग्रॅमचा आग्रह का? प्रेडनिसोलोनची गोळी ५, १० आणि २० मिलिग्रॅमचीही मिळते. 'दीड गोळी सकाळी, दीड संध्याकाळी' असं लिहिलेलं असेल आणि पुढच्या खेपेला दुकानातून वेगळ्या ताकदीची पट्टी आली, तर डोस नकळत दुप्पट किंवा निम्मा होतो. प्रत्येक नवी पट्टी आणली की ताकद वाचा आणि तक्त्याशी ताडून पाहा.

डोस चुकला तर? आठवलं की द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन डोस एकत्र कधीच देऊ नका. गोळी दिल्यावर उलटी झाली तर उलटीत गोळी दिसते का ते पाहा आणि पुन्हा द्यायची की नाही ते फोन करून विचारा. लागोपाठ दोन वेळा औषध पोटात टिकलं नाही तर सकाळची वाट बघू नका.

तिसरी पायरी: प्रेडनिसोलोनशी ओळख

जवळजवळ प्रत्येक इम्यून आजारात उपचाराची सुरुवात याच स्टेरॉइडने होते. प्रतिकारशक्ती दाबायची असते तेव्हा साधारण दर किलो वजनाला दिवसाला २ मिलिग्रॅम दिलं जातं. मोठ्या कुत्र्यांना किलोच्या हिशोबाने हे फार होतं, म्हणून त्यांचा डोस कमी धरतात. साध्या खाजेसाठी किंवा सुजेसाठी देतात त्याच्या हे कितीतरी पट असतं. म्हणून 'आमच्या कुत्र्यालाही स्टेरॉइड दिलं होतं, काही झालं नाही' असं कोणी म्हणालं तर ती तुलना मनावर घेऊ नका.

पहिल्याच आठवड्यात काय दिसेल ते सांगून ठेवते. कुत्रा पाण्याचं भांडं रिकामं करेल. रात्रीतून दोन-तीनदा शूला उठवेल, घरातही करेल. त्याला ओरडू नका, त्याच्या हातात ते नाही. पाणीही कमी करू नका, भांडं भरलेलं ठेवा आणि बाहेर नेण्याच्या फेऱ्या वाढवा. भूक राक्षसासारखी लागेल, कचऱ्याचा डबा आता झाकणाचा हवा. थंडीतही धापा टाकेल. पुढे काही आठवड्यांनी पोट सुटतं, मागच्या पायांचे आणि डोक्यावरचे स्नायू उतरतात, केस विरळ होतात, कातडी पातळ होते. जाईला गाडीत चढवताना पहिल्यांदा उचलावं लागलं तेव्हा मला वाटलं, आजार वाढला. तो आजार नव्हता, स्नायू झिजले होते. डोस उतरत गेला तशी ती पुन्हा स्वतःहून चढायला लागली.

गोळी जेवणासोबत द्या. काळी, डांबरासारखी चिकट शी झाली किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसले, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. बाहेरून इतकं स्टेरॉइड मिळत असताना कुत्र्याच्या मूत्रपिंडांजवळच्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं जवळजवळ थांबवतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर शरीराकडे ना बाहेरचं उरतं ना घरचं. अशक्तपणा, उलट्या, कोसळणं, आणि वेळेवर कळलं नाही तर मृत्यूही. दोन-चार दिवसांची साधी गोळी वेगळी. आठवडे चाललेलं स्टेरॉइड एकाएकी थांबवायचं नाही. औषध संपत आलंय हे आठ दिवस आधी लक्षात यायला हवं. मी दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवी पट्टी आणायची.

चौथी पायरी: जोडीची औषधं

बरेच डॉक्टर स्टेरॉइडसोबत दुसरं औषध जोडतात, म्हणजे स्टेरॉइड लवकर उतरवता येतं.

अझाथायोप्रिन सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात यकृतावर ताण येऊ शकतो आणि अस्थिमज्जा दबून पांढऱ्या पेशी खाली येऊ शकतात. म्हणून सुरुवातीला साधारण दर दोन आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि यकृताच्या तपासण्या होतात. 'कुत्रा छान आहे, या वेळी रक्त नको' असं करू नका. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतानाही कुत्रा छान दिसतो, पहिला जंतू शिरेपर्यंत.

मायकोफेनोलेटचा मुख्य त्रास जुलाबांचा. बऱ्याचदा डोस जुळवून घेतला की तो थांबतो, पण शीमध्ये रक्त दिसलं तर थांबायचं नाही, फोन करायचा.

सायक्लोस्पोरिन उपाशीपोटी देतात, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. सुरुवातीला उलट्या होऊ शकतात. पुढे हिरड्या वाढलेल्या दिसू शकतात, अंगावर चामखिळी येऊ शकतात. यात एक खाचखळगा आहे: सायक्लोस्पोरिनच्या 'मॉडिफाइड' आणि साध्या प्रकारांचं रक्तात शोषण वेगळं होतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. दुकानदाराने 'तेच आहे' म्हटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रकार बदलू नका. बुरशीवरची केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल ही औषधं सायक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, हेही लक्षात असू द्या.

आयएमएचएमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा मोठा धोका असतो, म्हणून क्लोपिडोग्रेलसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध दिलं जातं. ते फालतू वाटून वगळू नका. या आजारात कुत्रे दगावतात त्यामागे गुठळी हे एक मोठं कारण आहे.

स्वतःसाठी: अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट आणि सायक्लोस्पोरिन हातमोजे घालून हाताळा. गोळी फोडू नका, कुटू नका, कॅप्सूल उघडू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने ही औषधं हाताळू नयेत, कुत्र्याची शू-शीही साफ करू नये.

यांच्यासोबत काय चालत नाही

स्टेरॉइडसोबत मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेनसारखी वेदनाशामकं दिली तर पोटात अल्सर होऊ शकतो, आतडं फाटूही शकतं. लंगडतोय म्हणून घरातली जुनी बाटली काढू नका. माणसांची आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांसाठी अशीही धोक्याचीच. लहान मुलांच्या गोड सिरपमध्ये झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्यांना विषारी आहे.

पोटासाठी सुक्राल्फेट दिलं असेल तर ते बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब ठेवा. ते पोटात थर धरतं आणि इतर औषधं शोषली जात नाहीत. डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकांचं तर नक्कीच. संसर्ग असूनही अँटिबायोटिक लागू पडत नाही असं वाटतं, आणि कारण इतकं साधं निघतं.

सल्फा गटातली अँटिबायोटिकं काही कुत्र्यांमध्ये स्वतःच इम्यून प्रतिक्रिया पेटवतात: सांधे सुजतात, प्लेटलेट पडतात, डोळे कोरडे होतात. आपल्या कुत्र्याला आधी असं काही झालं असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. रात्री-अपरात्री वेगळ्या डॉक्टरांकडे जावं लागतं तेव्हा ही ओळ कामाला येते.

पाचवी पायरी: रोजची पाच मिनिटं

रोज एकाच वेळी, एकाच जागी, कुत्रा शांत असताना. मी सकाळी खिडकीपाशी बसायचे, कारण दिव्याच्या पिवळ्या उजेडात हिरड्यांचा रंग फसवतो.

ओठ हलकेच वर उचला. हिरडी गुलाबी आणि ओली हवी. बोटाने दाबून सोडा: पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी कागदासारखी फिकी पडली, पिवळट झाली किंवा तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले तर वाट बघू नका. ज्यांच्या हिरड्या काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. मग कुत्र्याला उताणं करून पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू पाहा. तिथे ठिपके किंवा निळे डाग आहेत का? असतील तर दाबून पाहा. रक्ताचा ठिपका दाबल्याने फिका पडत नाही.

नंतर पंजे. प्रत्येक बोटाच्या बेचक्यात बोट घालून बघायचं. ओल, लाली, सूज, बारीकसं भोक. कानांचा वास घ्या. तोंडात बघा, हलणारा दात किंवा दुर्गंध आहे का. बगला, जांघ, शेपटीखालचा भाग. आठवड्यातून एकदा वजन.

कुत्रा गाढ झोपलेला असताना छातीची हालचाल एक मिनिट मोजा. ३०च्या खाली हवी. स्टेरॉइडवरचा कुत्रा जागेपणी धापा टाकतोच, म्हणून झोपेतला आकडाच विश्वासाचा.

ताप गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर घालून मोजतात. टोकाला व्हॅसलीन, साधारण दोन सेंटिमीटर आत, एकाने कुत्र्याला धरून बोलत राहायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं: ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. नाक गरम लागणं किंवा कान गरम लागणं यावरून काही कळत नाही. पहिले चार-पाच दिवस, कुत्रा बरा असताना, रोज मोजून त्याचा स्वतःचा आकडा ठरवून घ्या. नंतर काही वेगळं वाटलं की लगेच मोजा.

हे सगळं एका वहीत. रोज एक ओळ पुरते: खाल्लं किती, शी कशी, हिरड्या, श्वास, तापमान, काही वेगळं. 'काही वेगळं' हा रकाना सगळ्यात मोठा ठेवा.

संसर्ग लपतो कुठे

लघवीत. स्टेरॉइडवरच्या कुत्र्यांमध्ये हा संसर्ग नजरेतून सगळ्यात सहज सुटतो. एरवी मूत्राशयात जंतू झाले की कुत्रा कुंथतो, थेंब-थेंब करतो. स्टेरॉइड ती जळजळ दाबून टाकतं. त्यात जास्त शू होणं हे तर औषधाचंच लक्षण, मग वेगळं कळणार कसं? वास बदलला, रंग गढूळ झाला, शूमध्ये रक्त आलं, अचानक शू करताना थांबून थांबून करू लागला, तर लघवीची तपासणी आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करून घ्या. कल्चरसाठी सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला नमुना सगळ्यात खात्रीचा. भांड्यात धरलेल्या शूमध्ये बाहेरचे जंतू मिसळतात. याची दुसरी बाजूही आहे: काहीच लक्षण नसताना रिपोर्टमध्ये नुसते जंतू दिसले म्हणून लगेच अँटिबायोटिक द्यायलाच हवं असं नाही. तो निर्णय डॉक्टरांचा, त्यासाठी हट्ट धरू नका.

कातडीत. पुटकुळ्या, गोल खपल्या, केस गळलेले चट्टे, तेलकट वास. जंतू, यीस्ट, रिंगवर्म, आणि डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे हे सगळे पाहुणे दबलेल्या प्रतिकारशक्तीत येतात. पेम्फिगसच्या कुत्र्यात हे फार फसवं असतं, कारण मूळ आजारही खपल्यांचाच. आजार उलटला समजून स्टेरॉइड वाढवलं आणि खाली डेमोडेक्स निघाला, तर कातडीची दुर्दशा होते. काचपट्टीवर खपलीखालचा ठसा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि कातडी थोडी खरवडून तपासणं, दोन्ही लवकर होणाऱ्या तपासण्या आहेत. खपल्यांचं औषध वाढवायच्या आधी त्या झाल्या का, हे विचारायला लाजू नका.

छातीत. खोकला, झोपेतला श्वास वाढणं, दमून लवकर बसणं. आयएमएचएच्या कुत्र्यात अचानक श्वास वाढला तर फुप्फुसात गुठळीही असू शकते, ती तातडीची बाब.

आणि जिथे सुई लागली तिथे. दवाखान्यात सलाइन लावलेल्या पायाची जागा घरी आल्यावर चार-पाच दिवस रोज बघा.

सहावी पायरी: ताप आला, आता काय

जाईच्या सातव्या आठवड्यातली गोष्ट. डोस एकदा उतरवून झाला होता, रिपोर्ट छान आले होते. रात्री ती जेवली नाही. स्टेरॉइडवरचा कुत्रा जेवत नाही ही एकच गोष्ट धास्ती वाटावी एवढी मोठी. ताप मोजला, ४०.१. माझ्या डोक्यात एकच आलं: डोस उतरवला म्हणून आजार परतला. प्रेडनिसोलोनची डबी माझ्या हातात होती. एक जास्तीची गोळी, सकाळपर्यंत निभावेल, असा विचार होता.

गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "वहीत काय आहे?" तीन दिवसांच्या 'काही वेगळं'च्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: उजवा पुढचा पंजा चाटतेय. रात्री दाराशी न झोपता पॅसेजमध्ये झोपली. मी लिहिलं होतं आणि विसरून गेले होते. तेव्हा ताप ३८.९ होता म्हणून निश्चिंत राहिले. स्टेरॉइड ताप दाबतं हे मला माहीत होतं, तरी आकडा बघून शांत झाले. दवाखान्यात पंजा उजेडात धरला. दोन बोटांच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढं भोक, दाबल्यावर पू. रक्तात लाल पेशी जिथे होत्या तिथेच होत्या: पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ४१. आजार उलटलाच नव्हता. पुवाचं कल्चर पाठवलं, मग अँटिबायोटिक सुरू झालं. त्या रात्री मी गोळी दिली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनात येतो.

त्यावरून हा क्रम ठरला:

१. ताप ३९.४ अंशांच्या (१०३ फॅरनहाइट) वर असेल तर कुत्र्याला वीस मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढाच असेल तर फोन करा. ४० किंवा वर असेल तर थेट निघा.

२. ताप नसेल पण कुत्रा मलूल आहे, खात नाही, लपून बसतोय, तरी फोन करा. या कुत्र्यात ताप नसणं म्हणजे संसर्ग नसणं नव्हे. तापमान ३७.५च्या खाली आणि अंग गळालेलं, तर निघाच.

३. ठरलेल्या वेळेचा ठरलेला डोस द्यायचा की नाही, ते फोनवर विचारा. तापाचं माणसांचं औषध नको, थंड पाण्याने आंघोळ नको.

४. उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. मागच्या वेळचे चार कॅप्सूल दिले तर जंतू मरतीलच असं नाही, पण कल्चरमध्ये दिसेनासे होतात, आणि मग कोणतं औषध चालेल ते कळत नाही. आधी नमुना, मग अँटिबायोटिक. कुत्रा फारच आजारी असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच सुरू करतात, रिपोर्ट आला की बदलतात.

५. निघताना वही, फाइल आणि सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत घ्या. फोनवरच्या फोटोंतले जुने रिपोर्टही.

फोनवर काय बोलायचं तेही आधी लिहून ठेवा, घाबरल्यावर शब्द सापडत नाहीत. 'कुत्रा बरा नाही' एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. "आयएमएचए आहे, प्रेडनिसोलोन इतके मिलिग्रॅम आणि अझाथायोप्रिन इतके चालू आहे, मागचा डोस अमुक तारखेला उतरवला, आत्ता ताप ४०.१, हिरड्या गुलाबी, सकाळपासून खाल्लं नाही." एवढी वाक्यं सांगितली की समोरचा माणूस लगेच कामाला लागतो.

रिपोर्ट वाचताना होणारी गफलत

स्टेरॉइडवर असताना पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, संसर्ग नसतानाही. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे एएलपी हे रक्तातलं एन्झाइम, वाढतं. कुत्र्यांमध्ये तर स्टेरॉइडमुळे ते फारच वर जातं. लघवी पातळ येते. रिपोर्टवरचे लाल आकडे बघून रात्रभर जागू नका. संसर्गाकडे बोट दाखवणारी खूण म्हणजे अपक्व पांढऱ्या पेशी, 'बँड', आणि पेशींमधले 'टॉक्सिक' बदल. ते कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी बघितल्यावर दिसतात, म्हणून नुसत्या मशीनच्या आकड्यांवर न थांबता स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघितला का, ते विचारा. सीआरपी हा रक्तातला सूज दाखवणारा आकडा संसर्गातही वाढतो आणि इम्यून सुजेतही, त्यामुळे एकट्या सीआरपीवरून निवाडा होत नाही.

उलट दिशेचा धोका: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे १०००च्या खाली गेल्या आणि सोबत ताप असेल, तर ती आणीबाणी आहे. दाखल करावं लागेल.

सातवी पायरी: जंतूंना घराबाहेर ठेवताना

जोराच्या डोसवर असेपर्यंत कुत्र्यांच्या गर्दीत नेऊ नका, बोर्डिंगमध्ये ठेवू नका, डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. कच्चं मांस आणि कच्ची हाडं बंद. साल्मोनेलासारखे जंतू निरोगी कुत्रा पचवतो, हा पचवेलच असं नाही. गोचीड-पिसवांचं औषध वर्षभर चालू ठेवा, कोणतं ते डॉक्टरांना विचारून.

लशींबाबत स्वतः ठरवू नका. प्रतिकारशक्ती जोरात दाबलेली असताना जिवंत जंतूंच्या लशी टाळतात. डिस्टेंपर, पार्व्होविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात पुरेशी आहेत का, हे टायटर तपासणीने कळतं, त्यामुळे लस पुढे ढकलता येते का ते ठरवणं सोपं जातं. रेबीजची लस मृत विषाणूची असते, पण तिचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला असतो. तारीख जवळ आली की आधीच बोला.

ओरखडा उठला तर सलाइनने धुवा, कोरडा करा, चाटू देऊ नका, रोज बघा. स्टेरॉइडवर जखम सावकाश भरते. दोन दिवसांत सूज, पू किंवा वास आला तर दाखवा.

डोस उतरत असताना

आजार काबूत आला की स्टेरॉइड साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी पाव हिश्श्याच्या आसपास कमी करत आणतात. पूर्ण उपचार चार ते सहा महिने सहज चालतो, काहींचा वर्षभर. प्रत्येक पायरी उतरायच्या आधी रक्त तपासायचं. कुत्रा इतका छान दिसतो की पुढची पायरी लवकर उतरावी असं वाटतं, कारण ते पाणी, ती शू, ते धापा टाकणं बघवत नाही. तरी तारखेआधी उतरवू नका. आजार परत येतो तो बहुतेक वेळा याच काळात.

डोस उतरला की पहिले दहा दिवस हिरड्या सकाळ-संध्याकाळ बघा. शू नारिंगी किंवा गडद तपकिरी झाली, चालताना अंग आखडलं, पोटावर ठिपके दिसले, तर रक्ताची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका.

औषधं पूर्ण बंद झाल्यावरही काही महिने अॅड्रिनल ग्रंथी सुस्त असू शकतात. त्या काळात दात काढणं, ऑपरेशन किंवा मोठी दुखापत झाली तर 'आत्ताच स्टेरॉइड बंद झालंय' हे भूल देण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि वही टाकू नका. जाईची औषधं बंद होऊन बरेच महिने झाले, तरी रविवारी सकाळी खिडकीपाशी बसून मी तिचा ओठ उचलते, पंजांच्या बेचक्या बघते आणि एक ओळ लिहिते.